सुमोला अभिजात कोण ठरू देईल?

मोटारींविषयी लिहिणाऱ्या मंडळींचा एक आवडता खेळ आहे. आज रस्त्यावर म्हातारी होत चाललेली कोणती साधी गाडी उद्या ‘क्लासिक’ ठरेल, याच्या याद्या करायच्या. या याद्यांत कॉन्टेसा असते, जिप्सी असते, टाटा सिएरा तर बहुधा वरच्या क्रमांकावर. मारुती ८०० वरून थोडी घासाघीस होते आणि अखेरीस आठवणींच्या भरात तिलाही आत घेतले जाते. टाटा सुमोचे नाव मात्र क्वचितच निघते, आणि निघालेच तर हसण्यावारी जाते. तो ठोकळा, ती वडापची गाडी, ती पोलिसांची गाडी. तिला कोण जपणार?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने या वादात तोंड घालण्याचे काही कारण नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु वाद मोटारीचा दिसत असला तरी तो शब्दाचा आहे, आणि तो शब्द आपल्या विषयाचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर हा शब्द आपल्या प्रत्येक चर्चासत्राच्या फलकावर चढून बसला आहे. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली अहवाल दिला, त्यावर अकरा वर्षांनी मोहोर उमटली. आनंद झाला, पेढे वाटले गेले. पण अभिजात म्हणजे काय, हे विचारण्याची तसदी त्या गडबडीत फारशी कोणी घेतली नाही. सुमोच्या निमित्ताने ते विचारता येईल, कारण भाषेबद्दल विचारले की आपण लगेच भावुक होतो. पत्र्याच्या गाडीबद्दल तेवढे होत नाही.

संस्कृतात अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. त्या शब्दाच्या पोटात कूळ आहे. इंग्रजीतून आलेल्या ‘क्लासिक’ची कुळकथा याहून बोलकी आहे. रोमन राज्यात मालमत्तेच्या गणनेनुसार नागरिकांचे वर्ग पाडले जात आणि सर्वांत वरच्या वर्गातल्या माणसाला ‘क्लासिकस’ म्हणत. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस याने आपल्या ‘अॅटिक नाइट्स’ या ग्रंथात हा शब्द लेखकाला लावल्याचे नोंदवून ठेवले. प्रमाण मानावा असा लेखक कोण? तर जो ‘क्लासिकस’ आहे, ‘प्रोलेटारियस’ नाही तो. म्हणजे एका शब्दात कूळ आणि दुसऱ्यात मालमत्तेची पट्टी. टी. एस. एलियटने १९४४ साली लंडनच्या व्हर्जिल सोसायटीपुढे याच प्रश्नावर भाषण केले आणि परिपक्वता हा निकष पुढे ठेवला. आपले विद्यार्थी परीक्षेत एलियटची परिपक्वता लिहितात. गेलियसची पट्टी कोणी शिकवतच नाही. व्यवहारात मात्र ती पट्टीच चालते, आणि मोटारींच्या बाबतीत ती शासकीय शुल्काच्या आकड्यांत वाचताही येते. तिकडे पुढे येतोच.

आधी सुमोचे कूळ पाहू. ती १९९४ साली बाजारात आली. टेल्कोचे दीर्घकाळ नेतृत्व केलेले आणि पुण्याचा कारखाना उभा करणारे सुमंत मुळगावकर १९८९ साली वारले होते. त्यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन ‘सुमो’ झाली. भारतीय रस्त्यांवर राजदूत झाले, राष्ट्रपती झाले, राणी पद्मिनी झाली. एका अभियंत्याचे असे निम्मेनिम्मे नाव लोकांच्या तोंडी बसणे ही अपूर्वच गोष्ट. बहुसंख्य प्रवाशांना तो जपानी पैलवान वाटत असे, ते सोडा. गाडीचा सांगाडा मात्र टाटामोबाइल या मालवाहू पिकअपच्या घराण्यातला. म्हणजे जन्म ओझ्याच्या घरात. आत १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, बाहेर सरळ रेषांचा पत्रा आणि मागच्या भागात समोरासमोर बाक.

हे बाक महत्त्वाचे आहेत. कागदावर गाडी दहा जणांची. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीच्या थांब्यावर उभे राहून ज्यांनी नव्वदीच्या अखेरची वर्षे पाहिली आहेत त्यांना कागदाचा आकडा किती पोकळ होता हे सांगायला नको. ‘दोन शीट, दोन शीट’ असे ओरडत क्लीनर मागच्या दाराला लटकलेला असे आणि आधीच चौदा माणसे आत असत. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे दाराच्या आणि त्याच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, एक माणूस बसे. त्या जागेला कोणत्याही आराखड्यात नाव नाही. सोलापूरकडे या व्यवहाराला वडाप म्हणतात, जिल्ह्याची हद्द ओलांडली की काळी-पिवळी हा शब्द सुरू होतो. गाडी काळ्या-पिवळ्या रंगाची असलीच पाहिजे असेही नाही. दवाखान्यात निघालेली बाळंतीण, बाजारला निघालेली कोथिंबिरीची पेंढी, सोलापूरच्या महाविद्यालयात निघालेली पहिल्या पिढीची विद्यार्थिनी, नवरात्रात तुळजापूरला आईच्या दर्शनाला निघालेले कुटुंब, सगळे एकाच बाकावर. एसटी येईपर्यंत थांबायचे की वडापने जायचे, या निवडीवर त्या काळात कित्येकांची हजेरी, नोकरी आणि कधी कधी जीवही अवलंबून असे.

सारा व्यवहार कायद्याच्या भाषेत अवैध प्रवासी वाहतूक होता. गाडी पकडली जाई, दंड होई, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी असे. मग २०२१ च्या नोव्हेंबरात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चिघळला आणि शासनाने अधिसूचना काढून खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची परवानगी दिली. जे काल अवैध होते ते आज सोय झाले. संप मिटल्यावर पुन्हा अवैध. वाङ्मयाच्या इतिहासात बोलीला जी वागणूक मिळत आली आहे तिच्याशी हे फार जुळते: अडचण पडली की दारात बोलवायचे, काम झाले की उंबऱ्याबाहेर.

आता सिएरा. ती १९९१ सालची, म्हणजे सुमोहून तीन वर्षांनी थोरली. त्याच टाटामोबाइलच्या घराण्यातला सांगाडा, तेच १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन. फरक इतकाच की तिला दारे तीन होती, मागच्या बाजूला मोठ्या वळणदार काचा होत्या आणि मागे बसणाऱ्याला पुढची सीट दुमडून आत शिरावे लागे. चार माणसांच्या हौसेची गाडी. खपली बेताचीच. सुमो मात्र २०१९ पर्यंत, तब्बल पंचवीस वर्षे, रूप पालटत विकली गेली. या दोघींपैकी क्लासिक कोण? याद्या सांगतात, सिएरा. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीने पुनर्जन्म दिला तोही सिएराच्याच नावाला, त्या वळणदार काचांची आठवण ठेवून. व्यापारी निर्णय म्हणून त्यात गैर काही नाही. पण ज्या बहिणीने घर चालवले तिचे नाव कोणी काढले नाही आणि जी हौसेने राहिली तिची तसबीर भिंतीवर लागली, हे पाहून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला काहीच आठवू नये? हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायला शिकवले. त्या प्रती वाचनालयात वाचून वाचून फाटल्या. न वाचले गेलेले कित्येक कवितासंग्रह मात्र आजही पहिल्या आवृत्तीत करकरीत मिळतात.

‘जी वस्तू सर्वत्र होती ती अभिजात कशी होईल? दुर्मिळता नको का?’ असा प्रश्न येथे विचारला जातो. हा युक्तिवाद इतका कच्चा आहे की त्यावर फार वेळ घालवू नये. फोर्डचे टी मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात बनले. फोक्सवागनची बीटल २००३ साली मेक्सिकोत थांबली तेव्हा दोन कोटींच्या पुढे गेली होती. पूर्व जर्मनीची ट्राबांट तर विनोदाचा विषय होती. भिंत पडल्यावर लोकांनी ती रस्त्यात सोडून दिली, आणि आज तीच हौसेने फिरवली जाते. सर्वत्र असणे ही अभिजाततेची आडकाठी कधीच नव्हती. आडकाठी दुसरी आहे: ती वस्तू तिच्या आयुष्यात किती राबली, आणि राबून झाल्यावर तिच्यासाठी कोणाकडे जागा उरली. युरोपात अशा गाडीला कोठे तरी कोरडी पडवी मिळाली. आपल्याकडे रस्त्यावर चालेनाशी झालेली गाडी किलोच्या भावाने जाते, कारण तिच्या मालकाला ते पैसे हवे असतात आणि तिची जागाही.

येथे गेलियसची पट्टी कायद्याच्या रूपाने समोर येते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम अधिसूचित केले. वाहन पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात राखलेले हवे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००. क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात आणि अशी गाडी नित्याच्या वा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,०००वर गेले. धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता या धोरणाला मी मुळातून विरोध करणार नाही. जुन्या डिझेलचा धूर आमच्याही नाकात गेला आहे. पण दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा. पंधराव्या वर्षी गाडी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षे जो तिला न राबवता उभी ठेवू शकेल तोच वारसदार. पहिली सुमो २०४४ साली पन्नाशीची होईल. तोपर्यंत तिला झाकून ठेवणारा माणूस कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि तो माणूस मागच्या बाकावरचा नसेल हेही.

‘मूळ स्वरूप’ ही अट तर संहितेच्या अभ्यासकाला खटकलीच पाहिजे. राबणारी गाडी मूळ स्वरूपात राहत नाही. इंजिनाचे काम निघते, दुसऱ्या सुमोचे इंजिन चढते, खालचा पत्रा कुजला की वेल्डिंगवाला नवा जोडतो, मागचे बाक काढून दुधाच्या कॅनसाठी जागा होते, पुढे शाळेची पोरे नेण्यासाठी तेच बाक पुन्हा बसतात, छतावर कॅरियर चढते, समोरच्या काचेवर आधी देवीचे, मग मुलीचे, मग गाडी विकल्यावर नव्या मालकाच्या गावाचे नाव येते. एमएच १३ची गाडी एमएच २५मध्ये येते. हे सगळे पाठभेद आहेत. मोटारींच्या रसिकाला ती विटंबना वाटते. आपल्याला तशी वाटू नये, कारण आपल्या विद्येचा अर्धा संसार पाठभेदांवर चालतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण करावे लागले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखिते जमवली, आणि इतके करून हाती आले ते व्यासांच्या हातचे मूळ नव्हे, उपलब्ध प्रतींच्या आधारे मागे जाता येईल तितका जुना पाठ. ‘मोठा बदल झालेला नसावा’ ही अट ग्रंथांना लावली असती तर महाभारताला व्हिंटेजची पाटी मिळाली नसती. जात्यावरच्या ओव्यांना तर कार्यालयाच्या आवारातही कोणी उभे केले नसते.

यावर एक सुजाण विद्यार्थी म्हणेल की तुलना येथे तुटते. तुकोबांचे अभंग लोकांच्या मुखी राहिले. लोखंडाला मुख नाही. बरोबर आहे, आणि मला ही तुटलेली जागाच दाखवायची आहे. आपल्या परंपरेत टिकण्याचे दोन मार्ग दिसतात. एक बासनाचा: महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत, मठांत, बाहेरच्या हातांपासून दूर राहिल्या आणि लीळाचरित्र आपल्यापर्यंत पोहोचले. दुसरा मुखाचा. मोटारीला फक्त बासनाचा मार्ग मोकळा आहे, आणि बासन परवडायला घर मोठे लागते. म्हणून मोटारींचे जे वाङ्मय उद्या मागे राहील ते सगळे मठातले असेल. रस्त्यावरचे काहीच नसेल. पुढचा अभ्यासक जपलेल्या गाड्या पाहून निष्कर्ष काढील की विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यातली माणसे वळणदार काचांच्या तीन दारी गाडीतून चौघे चौघे फिरत होती.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर मुंबईकडे पाहा. ‘पद्मिनी’चा निर्माता प्रीमियर उद्योग वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभा केला (एलियट लंडनमध्ये अभिजाततेवर बोलत होता त्याच वर्षी, हा योगायोग मला आवडतो). वालचंद जन्माने सोलापूरचे, म्हणजे तामलवाडीच्या शेजारचे. गाडीचे कूळ इटालियन, फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याला बनलेल्या या गाडीला सत्तरीच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची ओळख झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून हे पर्व संपले. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी किती उसासे टाकले! एक तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली. ती मात्र रास्त होती. बाकीच्यांच्या गहिवराबद्दल माझी तक्रार आहे. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे हीच मंडळी पद्मिनी समोर आली की हात खाली करून मागच्या वातानुकूलित गाडीची वाट पाहत होती. वस्तू दिसेनाशी होईपर्यंत तिची लाज बाळगायची आणि दिसेनाशी झाली की तिला क्लासिक म्हणायचे. मेलेल्या लोककलावंताच्या नावाने पुरस्कार सुरू करण्याची आपली रीत याहून निराळी नाही.

पद्मिनीला निदान उसासे मिळाले, कारण ती महानगराची होती, चित्रपटांत दिसली होती. सुमोही चित्रपटांत दिसली, पण कशी? तेलुगू चित्रपटांत गुंडांची रांग म्हणून आली आणि हवेत उडून पेटली. एका गाडीमागून दुसरी. तिच्या दिसण्यात व्यक्ती नव्हतीच, जमाव होता. आमच्या भागात पुढाऱ्यांनी २००२ नंतर स्कॉर्पिओ जवळ केली आणि सुमोची उरलीसुरली प्रतिष्ठाही गेली. वडापच्या रांगेत पुढे क्रुझर आल्या. सुमो कुठे गेली हे कोणी विचारले नाही. मारुती ८०० चे भाग्य त्या मानाने बरे: १९८३ साली विकली गेलेली पहिली गाडी दिल्लीत गंजत पडली होती, ती मूळ रूपात आणून २०२२ साली कंपनीच्या कार्यालयात ठेवण्यात आली. उत्तम झाले. तरी त्यातही प्रेम आहे ते पहिल्या आवृत्तीचे. शेवटपर्यंत झिजलेली, सातव्या मालकाची मारुती कोणी ठेवलेली मला माहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सुमोची बाजू घेतली की ते लगेच जवळ येऊन बसतात. ‘काय दिवस होते ते, चौदा जण कोंबून जायचो, मजा यायची.’ मजा यायची नाही. मागच्या बाकावर आडवे बसलेल्या माणसाला पट्टा नव्हता, उशी नव्हती, आणि गाडी कोठे धडकली तर त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये शेजाऱ्याचे डोके होते. या रस्त्यांवर वडापच्या अपघातांत माणसे गेली आहेत. त्यांच्या घरी कोणी त्या दिवसांना ‘ते दिवस’ म्हणत नाही. बायकांना त्या गर्दीत काय सोसावे लागे हेही या आठवणींत कधी येत नाही. अभिजात म्हणजे निर्दोष असा अर्थ आपण साहित्यात तरी केव्हाच सोडला आहे. ज्या ग्रंथांना आपण अभिजात म्हणतो त्यांत चातुर्वर्ण्य आहे, स्त्रीनिंदा आहे, आणि आपण ते झाकून शिकवत नाही. निदान शिकवू नये. मग सुमोला अभिजात म्हणताना तिच्या मागच्या बाकावरची घुसमटही त्यात धरली पाहिजे. ती वगळून उरतो तो स्मरणरंजनाचा रंगवलेला पत्रा.

माझा निकष विचाराल तर तो सोपा आहे. ज्या रूपातून एका समाजाचे एका काळातले जगणे आरपार गेले, आणि ज्याच्याकडे परत गेल्यावर त्या जगण्याबद्दल नवे काही कळते, ते अभिजात. दुर्मिळता, कूळ, किंमत, मूळ रंग, हे सगळे त्यानंतरचे. या निकषावर नव्वदीनंतरच्या ग्रामीण महाराष्ट्राची गाडी निवडायची तर सुमोच्या शेजारी ट्रॅक्स आणि कमांडर जीप बसवता येईल. सिएरा बसवता येणार नाही. उदारीकरणाने शहरात काय केले यावर आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांचा ढीग आहे. त्याच वर्षांत खेड्यातला माणूस पहिल्यांदा रोज तालुक्याला जाऊ लागला, मुली रोज परत येऊ लागल्या, कर्जे काढून गाड्या घेणारी तरुण पोरे हप्त्यांत बुडाली किंवा तरली. याचे साधन कोणते होते, हे मागच्या बाकाची रुंदी मोजल्याशिवाय कळणार नाही. ती रुंदी मोजायला एक तरी बाक शिल्लक लागेल.

तेव्हा मागणी अशी आहे, आणि ती मोटारींच्या रसिकांकडे नाही, आपल्याच व्यवसायाकडे आहे. विद्यापीठे लोकसाहित्याचे संग्रह करतात, जाती-उखळे-कंदील आणून काचेमागे ठेवतात. त्या कंदिलाशेजारी एक सुमो उभी करा. नवी रंगवलेली नको, कंपनीने पाठवलेली नको. पासिंग संपलेली, भंगारवाल्याच्या दारातली घ्या. तिच्या आरसी बुकातल्या मालकांच्या क्रमाने त्यांच्याकडे विद्यार्थी पाठवा. इंजिन कधी बदलले, बाक कोणी काढले, काचेवरचे नाव कोणाचे, शेवटचा हप्ता कधी फिटला, हे ज्याच्या त्याच्या बोलीत लिहून घ्या. पत्र्याचा एकही डाग काढू नका, वेल्डिंगचे सांधे दिसू द्या. तामलवाडीच्या टोलनाक्यावरून आज ज्या वेगाने गाड्या जातात त्यात थांब्यावर उभे राहणारा माणूस दिसतही नाही. पण सुमोचे जुने ड्रायव्हर अजून पन्नाशी-साठीत आहेत, त्यांना मालकांची नावे पाठ आहेत, आणि मागच्या दाराची कडी कोणत्या बाजूने ओढली की उघडते हेही.